हिवाळ्याच्या पेट्या

नळाची किल्ली तुझ्याकडे ठेव, बोहूश,
आणि हातमोजे काढ.
दगड हाताला कळावा लागतो.
हा वाळूचा दगड. पावात मुरावं तसं पाणी मुरतं याच्यात,
एका रात्रीत गोठतं,
आणि सकाळी देवाचं नाक गवतात.

म्हणून सगळ्यांत आधी नेपच्यून.
हौद रिकामा कर, मग त्रिशूळ काढ,
त्याला आटे आहेत, डावीकडे फिरव.
दाढीतलं शेवाळ मात्र राहू दे.
खरवडलं की तो म्हातारा दिसत नाही,
नुसता ओला दिसतो.
घोड्यांच्या तोंडात हात घालून बघ,
मुलं च्युइंगमचे कागद कोंबतात.
एकदा दातांची कवळी निघाली होती.
मागायला कोणी आलं नाही.

आतल्या देवांचं वेगळं.
ते दिवाणखान्याच्या छतावर रंगवलेले,
त्यांच्यासाठी यंत्र लावून हवा मोजतात,
त्यांच्याखाली पाहुणे फेल्टच्या सपाता घालून घसरत चालतात
आणि मान अवघडेपर्यंत फेथॉनचं पडणं बघतात.
तीनशे वर्षं पडतोय,
अजून जमिनीला लागला नाही.
मी एकदाच पाहिला, शिडी आणायला गेले तेव्हा.
माझ्या लक्षात राहिली ती घोड्यांची पोटं,
आणि एका नालेला खिळा कमी होता.

आपले देव उघड्यावरचे.

डॅफ्नी आणि अपोलोला मिळून एकच पेटी.
वेगळे करता येत नाहीत, एकाच शिळेतले आहेत.
तिच्या बोटांना पानं फुटताहेत,
त्यातलं मधलं बोट माझ्या वडिलांनी चिकटवलंय,
जरा लांब झालं. कोणाला सांगू नकोस.
पाच महिने दोघंच असतात अंधारात,
आणि मार्चमध्ये फळी काढावी
तर त्याचा हात तिथंच,
तिच्या कमरेच्या एक वीत अलीकडे.

आता इथे जरा थांब.
ही निओबी.
चौदा मुलं होती म्हणतात, बागेत पाच उरलीत.
एक तळ्यात आहे,
उन्हाळ्यात पाणी उतरलं की खांदा दिसतो.
हिची कूस रिकामी, हात अजून
हवेला कवेत घेऊन.
डोळ्यांतून पाणी येतं ते शिशाच्या नळीतून,
व्हॉल्व्ह मागे आहे, पदराच्या चुणीत.

वेंडेलीन, माझे वडील, एकेचाळीस वर्षं
ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी हा व्हॉल्व्ह बंद करत.
आई गेली त्या वर्षी विसरले.
दफनाला त्यांनी टोपी काढली,
घडी केली,
परत घातली.
एवढंच.
डिसेंबरात नळी फुटली,
डोळ्यापासून हनुवटीपर्यंत तडा.
कचेरीने वहीत लिहिलं, हलगर्जी,
आणि पगारातून कापून घेतले.
ब्रनोहून एक बाई आली, तडा बुजवून गेली,
पण दगडाचा रंग जुळला नाही.
ऊन तिरपं झालं की दिसतो.

वडील विसरणाऱ्यांतले नव्हते.
मी विचारलं नाही.
व्हॉल्व्ह घट्ट आहे, दोन्ही हातांनी फिरव.

बॅकसच्या पेटीत खारी राहतात,
खिळा ठोकण्याआधी फळी वाजव,
त्यांना निघायला वेळ दे.
चारी ऋतू सोपे आहेत, फक्त हिवाळ्याला
शेकोटीच्या बाजूने दोरी बांधू नकोस, ज्वाळा तुटतात.

राहिली अकरा नंबरची.
उचल. हलकी लागेल.
आत कोणी नसतं.
इथे मर्क्युरी होता, टाचांना पंख,
आमच्या राजवटी बदलल्या त्या सुमाराला
एका रात्रीत ट्रकमधून गेला.
चोरांचा देव चोरांनी नेला,
म्हणून वडील पोट धरून हसले होते,
त्यानंतर त्यांना तसं हसताना पाहिलं नाही.
चौथऱ्यावर एक टाच उरलीय, अर्ध्या पंखासकट.

तरी पेटी उभी करायची.
छप्पर नीट बसव, उतार उत्तरेला.
टाचेवर बर्फ साचता कामा नये.